उतारावरील मालमोटार आणि भरपाईचा दावा

प्रश्न : कात्रजच्या उतारावर मालमोटारीने मागून धडक दिल्याने माझे यजमान दगावले. ‘ब्रेक निकामी झाले’ असे चालक म्हणतो. दाद कोठे मागावी? (एक भगिनी, सातारा)

उत्तर : ताई, चालकाच्या या जबानीने आपला हक्क बुडत नाही, किंबहुना खरा तपास तेथूनच सुरू व्हावयास हवा, कारण डिझेल वाचविण्याच्या लोभाने लांब उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, की इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते, आणि मग ओढवणाऱ्या अनर्थास दैवी आपत्ती म्हणणे मला तरी घोर अन्यायाचे वाटते. म्हणून फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा व मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल यांच्या नकला सत्वर मिळवा; वजनकाट्याची पावतीही पाहावी.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ अन्वये चालक, मालक व विमा कंपनी या तिघांविरुद्ध आपल्या रहिवासाच्या जिल्ह्यातील न्यायाधिकरणापुढेही दावा लावता येतो. मात्र कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांचीच आहे. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याने वाचल्याखेरीज तडजोडीच्या कोणत्याही कागदावर सही करू नका.