इंजिनाला डिझेल का पोचत नाही?

खाडीच्या तोंडाशी होडीचे इंजिन बंद पडले, तर पहिले काम कोणते? इंजिन उघडणे? नाही. पहिले काम होडी सांभाळणे.

खाडीच्या तोंडाशी जागा अरुंद असते. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला वाळू. वारा किनाऱ्याकडे असेल तर होडी हळूहळू खडकाकडे सरकू लागते. म्हणून शीड असेल आणि शिडावर बाहेर निघता येत असेल, तर आधी शीड उभारा. ते जमण्यासारखे नसेल तर नांगर टाका. नांगराने तळ धरला, होडी थांबली, की मग पाना हातात घ्या. चार माणसे इंजिनावर वाकलेली आणि सुकाणूवर कोणीच नाही, असे झाले तर बिघाड सापडायच्या आधी खडक सापडतो.

पूर्वी आपल्या कोकणातले मचवे नुसत्या शिडावर चालत. १९५० नंतरच्या वर्षांत त्यांत डिझेलची इंजिने बसू लागली. आज बहुतेक मासेमारी होड्यांवर शीड उरलेले नाही. ज्यांच्याकडे डोलकाठी आणि शीड अजून आहे, त्यांनी ते मोडीत काढू नये असे मला वाटते. वाऱ्याला फिल्टर लागत नाही.

आता इंजिनाकडे वळू. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सायकलला हवा भरताना पंप खालून गरम होतो, हे तुम्ही पाहिले आहे. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते. ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि आपोआप पेट घेतो. ही युक्ती रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराची. त्याचे इंजिन १८९७ साली नीट चालू झाले. त्याच जातीचे एक इंजिन १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते! पुढे १९१३ साली हा माणूस बोटीने इंग्लंडला जात असता रात्रीतून नाहीसा झाला. काही दिवसांनी त्याचे प्रेत समुद्रात सापडले. कसे झाले, ते कोणालाच नक्की कळले नाही.

डिझेल टाकीतून निघते, ते कोणत्या वाटेने जाते? ही वाट पाठ करून ठेवा. टाकीला एक कॉक असतो. कॉकातून नळीने डिझेल पहिल्या फिल्टरमध्ये येते. तिथे पाणी आणि मोठा गाळ खाली बसतो. पुढे लहान पंप आहे. तो डिझेल ओढतो आणि दुसऱ्या, बारीक फिल्टरमध्ये ढकलतो. तिथून ते मोठ्या पंपात जाते. मोठा पंप जाड लोखंडी नळ्यांतून ते नोझलकडे जोराने पाठवतो. उरलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीत जाते. बिघाड शोधायचा तो याच वाटेने. टाकीपासून सुरुवात करा आणि एक एक ठिकाण पाहत पुढे चला. मधेच नोझल खोलू नका. घाईत माणूस आधी अवघड जागी हात घालतो, आणि बिघाड बहुधा सोप्या जागी असतो.

इंजिन बंद कसे पडले, हे आधी आठवा. दणका बसून एकदम थांबले, तर पंख्यात दोर किंवा जाळे अडकले असेल. तो डिझेलचा दोष नव्हे. पण आवाज वर-खाली झाला, इंजिनाचा दम गेला आणि मग ते विझले, तर ते उपाशी राहिले असे समजा. दुसरी खूण धुराची. इंजिन फिरवताना धूर अजिबात येत नसेल तर डिझेल आत पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे, पण पेटत नाही. मग कारण दुसरे आहे.

टाकीत डिझेल आहे का? कॉक उघडा आहे का? इंजिन बंद करण्याचा दांडा ओढलेलाच राहिला नाही ना? हे प्रश्न ऐकून हसू येते. पण पुष्कळदा एवढेच असते.

मग टाकीचे झाकण उघडा. उघडताना 'फुस्स' असा हवा आत शिरण्याचा आवाज आला, तर टाकीच्या हवेची नळी बुजली आहे. तेलाचा डबा फोडताना आपण दोन भोके पाडतो. एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक पाडले तर तेल गुचक्या देते आणि थांबते. टाकीचेही तसेच. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली की कुंभारीण माशी त्या नळीच्या तोंडात मातीचे घर करते. कधी रंगाचा पोचारा लागून तोंड बुजते. अशा वेळी इंजिन घटकाभर छान चालते, मग थांबते. थोड्या वेळाने पुन्हा चालते. लोक म्हणतात भूत लागले. भूत नाही, माशी आहे.

आता हवेची गोष्ट. इंजिनाने हवा धरली की ते चालत नाही. शेतावर डिझेलचा पंप असणाऱ्यांना हे ठाऊक आहे. असे का होते? फुगा दाबला तर दबतो. पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली दाबली तर दबत नाही. नळीत डिझेल असेल तर पंपाचा जोर थेट नोझलपर्यंत पोचतो. हवा असेल तर सगळा जोर हवा दाबण्यातच जातो. नोझल उघडतच नाही.

हवा शिरते कुठून? एका तांडेलाचे आणि त्याच्या पुतण्याचे बोलणे ऐका.

"काका, नळी सगळी तपासली. बाहेरून कोरडी आहे. कुठे गळत नाही."

"गळत नाही म्हणून तर शंका घ्यायची रे. आपली टाकी कुठे आहे? इंजिनाच्या वर की खाली?"

"खाली."

"मग त्या नळीतून डिझेल वाहत येते की ओढून आणावे लागते?"

"ओढून आणावे लागते."

"शहाळ्यात नळी घालून पाणी ओढताना नळीला चीर असली, तर काय होते? पाणी बाहेर सांडते?"

"नाही. तोंडात हवा येते."

"तसेच हे. लहान पंपाच्या अलीकडची चीर गळत नाही, हवा ओढते. पंपाच्या पलीकडची चीर मात्र डिझेल गाळते. कोरडी नळी पाहून फसू नकोस."

पुतण्याने मग टाकीकडच्या नळीची पकड काढली. रबराला तिथे बारीक चीर होती. त्याने तेवढा तुकडा कापला आणि नळी पुन्हा घट्ट बसवली.

नळी नीट केली तरी आत शिरलेली हवा काढावी लागते. याला आपले लोक 'एअर काढणे' म्हणतात. हे काम किनाऱ्यावर, दिवसाउजेडी, दोन-चार वेळा करून पाहा. मग अंधारात, हलत्या होडीतही जमते.

दुसऱ्या फिल्टरच्या डोक्यावर एक लहान स्क्रू असतो. तो दोन आटे सैल करा. खाली फडके धरा. डिझेल तळात सांडले की पाय घसरतो. लहान पंपाचा हातदांडा वर-खाली करा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. डिझेल येत असतानाच स्क्रू आवळा. दांडा सोडून मग आवळला तर हवा पुन्हा आत जाते. हातदांडा अगदी ढिला लागत असेल, तर पंप मोडला असे समजू नका. इंजिन हाताने एक फेरा फिरवा, दांड्याला जोर येईल. यानंतर मोठ्या पंपाच्या स्क्रूला हेच करा. बहुतेक वेळा इतक्यानेच इंजिन चालू होते.

नाही झाले तर नोझलकडील नळ्यांचे नट एक आटा सैल करावे, बंद करण्याचा दांडा चालूच्या जागी ठेवावा आणि इंजिन फिरवावे. नटापाशी डिझेल उडू लागले की नट आवळावे. इथे बोट लावू नका! नोझलमधून डिझेल हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट जोराने सुटते. ते कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झाले तर वाट न पाहता इस्पितळ गाठा. आणि नव्या जातीच्या, म्हणजे कॉमन रेल इंजिनांच्या या नळ्या मुळीच सैल करू नका. तिथला जोर याच्या कित्येक पट असतो.

इंजिन एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त फिरवू नये. बॅटरी संपते. काही इंजिनांत थंड करणारे समुद्राचे पाणी धुराच्या नळीतून बाहेर जाते. अशा इंजिनाला पुन्हा पुन्हा फिरवल्यास ते पाणी नळीत साचून इंजिनातच शिरते. तेव्हा पाण्याचा कॉक बंद ठेवावा, आणि इंजिन पेटताच लगेच उघडावा.

बिघाड टाकीकडे आहे की इंजिनाकडे, हे कळत नसेल तर एक सोपा उपाय आहे. स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनापेक्षा उंच बांधा. त्यातून नळी थेट लहान पंपाला जोडा. एअर काढा. इंजिन नीट चालले तर दोष टाकी, कॉक किंवा पहिल्या फिल्टरमध्ये आहे. शिवाय त्या डब्यावर घरीही येता येते.

राहिला गाळ. डिझेल पाण्यापेक्षा हलके. म्हणून पाणी टाकीच्या तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बारीक जंतू वाढतात. त्यांचा काळपट, बुळबुळीत थर होतो. शांत पाण्यात तो तळाशी पडून असतो. होडी लाटांवर उसळली की तो ढवळून निघतो आणि फिल्टर बुजवतो. इंजिन खाडीच्या तोंडाशीच का दगा देते, ते आता कळले ना? पहिल्या फिल्टरखालचा स्क्रू उघडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. बाटली रात्रभर ठेवा. सकाळी खाली पाण्याचा थर दिसला तर टाकी तळापासून साफ करायला हवी. नुसता फिल्टर बदलून भागत नाही.

लहान पंपाचा पडदा फाटला तर डिझेल इंजिनाच्या ऑइलात उतरू शकते. ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल वाढलेले, पातळ आणि डिझेलचा वास येणारे असेल तर इंजिन चालवू नका.

पावसाळ्यात होडी वर काढताना टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत दमट हवा असते. रात्री तिचे पाणी होऊन तळाशी उतरते. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालण्याआधी दोन्ही फिल्टर बदलावेत, हवेच्या नळीत तार घालून पाहावी. होडीत दोन जादा फिल्टर, हातभर रबरी नळी, तिच्या पकडी, योग्य मापाचे पाने आणि तांब्याचे वायसर ठेवावेत. जुना तांब्याचा वायसर कडक होतो आणि हवा धरतो. नवा नसेल तर जुनाच चुलीत लाल करून गार करावा. तो पुन्हा मऊ होतो आणि नीट बसतो. बोल्ट मात्र बेताने आवळावा. तो तुटला तर समुद्रात दुसरा मिळत नाही.