ठळक, गोलसर अक्षरांचा स्वभाव : ‘बलू’ या फाँटच्या निमित्ताने

मागील घटकात आपण वर्ण आणि लिपिचिन्ह यांतील फरक पाहिला. लिपिचिन्हाला कागदावर वा पडद्यावर जे दृश्य रूप मिळते, ते फाँटमुळे. या रूपाचा अर्थग्रहणाशी काय संबंध असतो, हे एका उदाहरणावरून पाहू.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला ‘बलू’ हा फाँट २०१६पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. नाव ऐकताच किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधील अस्वल आठवते. अक्षरेही तशीच : अंगाने भरदार, टोकांना गोलावलेली, पाहताक्षणी सलगी करणारी. हा फाँट देवनागरीसह नऊ भारतीय लिप्यांत आहे आणि इतर आठ लिप्यांतील नावांना भावासाठीचा स्थानिक शब्द जोडला आहे. गुजरातीत ‘बलू भाई’, गुरुमुखीत ‘बलू पाजी’, बंगालीत ‘बलू दा’. द्राविड भाषांत थोरल्या आणि धाकट्या भावासाठी स्वतंत्र शब्द असतात. त्यामुळे मलयाळममधला ‘चेट्टन’ थोरला ठरतो, तर तमिळमधला ‘तंबी’, तेलुगूतला ‘तम्मुडू’ आणि कन्नडमधला ‘तम्मा’ धाकटे! देवनागरीतील बलू मात्र नात्याविना आहे. माझा तर्क असा, की मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी या साऱ्यांच्या सामाईक लिपीत त्याला ‘दादा’ म्हणावे की ‘भैया’, हे ठरवणे अवघडच.

असा फाँट शीर्षके, दुकानांच्या पाट्या, बालपुस्तकांची मुखपृष्ठे, खाऊची वेष्टने यांना शोभतो. शोकसंदेशाला तो शोभणार नाही. तेथे शब्द एक बोलतील आणि अक्षरे दुसरेच.

याहून महत्त्वाचा प्रश्न वाचनीयतेचा आहे. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ या जोड्यांतील भेद मुख्यतः डावीकडील लहानशा वळणावर व शिरोरेषेतील फटीवर अवलंबून असतो. रेघ जाड झाली की अक्षरातील मोकळी जागा आक्रसते. मोठ्या आकारात फट स्पष्ट राहते; तीच अक्षरे परिच्छेदाच्या आकारात छापली, त्यातही शाई पसरली, की ती बुजते. मग ‘धार’ची ‘घार’ होते आणि ‘अर्ज भरा’ ही सूचना ‘अर्ज मरा’ अशी वाचली जाते. ‘माडी’ आणि ‘मांडी’ यांतील भेद तर एका टिंबावर तोललेला आहे. ध्वनिविचारात आपण ज्यांना लघुतम युग्मे म्हणतो, त्यांच्यासारखीच ही लेखनातील युग्मे होत. सलग मजकूर ठळक फाँटमध्ये छापून ‘उठाव’ आणण्याचा मोह म्हणूनच मला घातक वाटतो. सूचनापत्रात तर तो अक्षम्यच.

स्वयंअध्ययन : आपल्या परिसरातील ठळक अक्षरांतील पाच पाट्या निवडा. प्रत्येक पाटी प्रथम दहा पावलांवरून, नंतर तीस पावलांवरून वाचा. कोणते अक्षर सर्वांत आधी संदिग्ध झाले व त्यामुळे कोणता वेगळा शब्द वाचला गेला, याची नोंद करा.