ताप गेला, सांधे का दुखतात?

प्रश्न : आईला (वय ५८) दोन महिन्यांपूर्वी चिकुनगुनिया झाला. ताप लगेच उतरला. पण रोज सकाळी बोटं आखडतात, घोटे सुजतात. विषाणू अजून अंगात आहे का? शेजारी स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवतात.
– एक वाचक, सातारा

उत्तर : घाबरू नका. चिकुनगुनियाचा विषाणू साधारण आठवड्याभरात रक्तातून जातो. मात्र त्याच्याशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती लगेच शांत होत नाही. सांध्यांच्या अस्तरात तिच्या पेशी दाह चालूच ठेवतात. सकाळचा आखडलेपणा त्याचाच. आईंच्या जवळ राहिल्यानं कुणाला लागण होणार नाही. चाळिशीनंतर हे दुखणं काही महिने रेंगाळू शकतं, पण बहुतेकांचं हळूहळू ओसरतं.

सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघडझाप करायला सांगा. दिवसभर झोपवून ठेवू नका. दुखणं फार असेल तर पॅरासिटामॉल चालेल. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांआधी डॉक्टरांना रक्तदाब, मूत्रपिंड आणि पित्ताचा त्रास सांगा. स्टेरॉइड मात्र शेजाऱ्यांच्या सल्ल्यानं मुळीच नको. त्यानं साखर वाढते आणि बंद करताच दुखणं उसळू शकतं.

तीन महिन्यांनंतरही सूज राहिली, तर संधिवाततज्ज्ञांकडून तपासण्या करून घ्या.