दिनविशेष : ७ जानेवारी – नाशिकचा पारा ०.६ अंशावर

विद्यार्थी मित्रांनो, आज सकाळी शाळेत येताना कानटोपी घातली होती का? हात खिशात घालून चालत होतात ना? मग आजचा पाठ तुमच्यासाठीच आहे.

७ जानेवारी १९४५ या दिवशी नाशिकचे किमान तापमान ०.६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. नाशिकच्या नोंदींतला हा नीचांक. याच शहरात १२ मे १९६० रोजी पारा ४२.४ अंशांपर्यंत चढला होता. दोन्हींतला फरक काढा बरं! ४१.८ अंश. एकाच गावाने पाहिलेली ही दोन टोके.

जगात याहून कितीतरी जास्त थंडी पडते. अंटार्क्टिकावरच्या वोस्तोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश नोंदले गेले. पण तिथे शेती नाही. आपल्याकडे मात्र एकेका अंशावर पीक अवलंबून असते.

एवढी थंडी का पडते?

दिवसा जमीन तापते आणि रात्री ती उष्णता बाहेर टाकते. आकाशात ढग असले की ते गोधडीसारखे काम करतात, उष्णता अडवतात. जानेवारीत आकाश निरभ्र असते आणि हवा कोरडी. त्यात उत्तरेकडून थंड वारे आले आणि रात्री वारा पडला, की जमीन झपाट्याने थंड होते. उष्णता जाणे पहाटेपर्यंत चालूच राहते, म्हणून सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नाही, तर सूर्योदयाच्या सुमारास मिळते.

थंड हवा जड असते. ती सखल भागात साचते. गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातल्या निफाडचा पारा पुष्कळदा नाशिकपेक्षाही खाली का असतो, याचे एक कारण हे आहे.

शून्याच्या वर, तरी दव कसे गोठते?

हा प्रश्न हुशार मुले नेहमी विचारतात. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीला टेकवलेला नसतो. तो साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगत आणि पानांवर त्याहून काही अंश कमी तापमान असते. म्हणून पेटीत १-२ अंश असले तरी पानावरचे दव गोठू शकते.

द्राक्षबागेत काय होते?

जानेवारी म्हणजे मणी फुगण्याचे दिवस. कडाक्याच्या थंडीत मुळांचे काम मंदावते आणि फुगवण थांबते. तयार होत आलेल्या मण्यांना तडे जातात. दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडला, तर हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते. शेतकरी त्याला ‘पिंक बेरी’ म्हणतात. अशा मालाला भाव कमी मिळतो. वर्षभराचा खर्च, औषधे, मजुरी, बँकेचे कर्ज, सगळे त्या घडांवर असते.

म्हणून तर पहाटे बागेत शेकोट्या दिसतात. शेतकरी रात्री ठिबकही सुरू करतात, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. शिवाय ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री सावकाश सोडते. तुमच्यापैकी अनेकांचे आई-वडील हे करतात. शास्त्र पुस्तकाआधी बांधावरच पोहोचलेले असते, नाही का?

आता तुमची पाळी

१. ३३ अंश फॅरनहाइट म्हणजे किती अंश सेल्सिअस? उत्तर एका दशांश स्थळापर्यंत काढा आणि पाठातल्या एका आकड्याशी ताडून पाहा.
२. आठ दिवस रोज पहाटेचे तापमान वहीत लिहा. शेजारी ‘ढग होते / नव्हते’ अशी नोंद करा.
३. घरातल्या आजी-आजोबांना त्यांच्या आठवणीतली सर्वांत कडक थंडी विचारा. तेव्हा पिकाचे काय झाले, तेही लिहून आणा.

१९४५ साली कोणीतरी त्या गारठ्यात उठून तापमापक वाचला, आकडा लिहिला, म्हणूनच आज आपण हा पाठ शिकतो आहोत. तुमची वहीही जपून ठेवा!