दोन वितरणांचे एकत्रीकरण : मिश्रण आणि बेरीज

मागील घटकात आपण एका असंतत यादृच्छिक चलाचे संभाव्यता वितरण मांडले. दोन वितरणे एकत्र करावयाची झाल्यास प्रथम एक प्रश्न विचारावा : दोहोंपैकी एकच गोष्ट घडणार आहे, की दोन्ही घडणार आहेत?

भंडारा जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांचे, म्हणजेच ‘मामा तलावां’चे उदाहरण घेऊ. यांतील अनेक तलाव कोहळी समाजाने बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर ते शासनाकडे आले. पाऊस लवकर सरला, की निसवणाऱ्या धानाला याच तलावांच्या पाणीपाळ्यांचा आधार उरतो. (पुढील आकडे उदाहरणासाठी मानलेले आहेत.)

वर्ष चांगल्या पावसाचे असण्याची संभाव्यता ०.६ आणि कमी पावसाचे असण्याची ०.४ समजा. चांगल्या वर्षी एक तलाव १ पाळी ०.२ संभाव्यतेने व २ पाळ्या ०.८ संभाव्यतेने देतो. कमी पावसाच्या वर्षी ० पाळी ०.७ व १ पाळी ०.३ संभाव्यतेने मिळते. वर्ष एकाच प्रकारचे असणार, म्हणून येथे ‘मिश्रण’ करावयाचे. प्रत्येक वितरणाला त्याच्या भाराने गुणून मग बेरीज करा :

० पाळी : ०.४ × ०.७ = ०.२८
१ पाळी : ०.६ × ०.२ + ०.४ × ०.३ = ०.२४
२ पाळ्या : ०.६ × ०.८ = ०.४८

एकूण १. भार न लावता बेरीज केल्यास एकूण २ येते. तसे आल्यास चूक कोठे झाली हे लगेच ओळखावे.

आता एका शेतकऱ्याच्या बांध्यांना असे दोन तलाव पाणी देतात. दोन्हींच्या पाळ्या मिळणार, म्हणून येथे ‘बेरजेचे वितरण’ हवे. चल स्वतंत्र असतील, तर संभाव्यतांचा गुणाकार करतात. एकही पाळी न मिळण्याची संभाव्यता मग ०.२८ × ०.२८ = ०.०७८४ येते. शंभरात आठही नाही. शेतकरी निश्चिंत होईल.

परंतु दोन्ही तलाव एकाच पावसाने भरतात! ते स्वतंत्र नाहीत. फार तर, वर्षाचा प्रकार ठरल्यावर ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, असे मानता येईल. म्हणून आधी प्रत्येक प्रकारच्या वर्षासाठी बेरजेचे वितरण काढावे आणि नंतर मिश्रण करावे. चांगल्या वर्षी दोन्ही तलाव कोरडे असण्याची संभाव्यता ०; कमी पावसाच्या वर्षी ०.७ × ०.७ = ०.४९. मिश्रणानंतर ०.४ × ०.४९ = ०.१९६, म्हणजे शंभरात जवळजवळ वीस. पहिल्या उत्तराच्या अडीच पट! दुसऱ्या तलावाच्या भरवशावर ज्याने जास्तीच्या बांधीत रोवणी केली, त्याच्या दृष्टीने हा फरक वर्षभराच्या धानाचा आहे.

स्वाध्याय : चांगल्या वर्षाची संभाव्यता ०.८ मानून दोन्ही रीतींनी हेच उत्तर काढा. (पडताळा : ०.०१९६ आणि ०.०९८.) पाऊस सुधारला, तरी दोन उत्तरांतील पट अडीचावरून पाचावर का गेली, हे चार ओळींत लिहा.