सीतेचे हरण झाले!



आपल्या जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली तेथे झाला. रामाची कथा आपल्याकडे घरोघरी. तिच्यावरचाच हा जुना विनोद पाहा.

बुवांनी रात्रभर रामायण सांगितले. सकाळी एकाने विचारले, "बुवा, सीतेचे हरण झाले म्हणता. मग त्या हरणाची पुन्हा सीता कधी झाली?"

हसू का आले? 'हरण' या शब्दाचे अर्थ दोन. एक, रानातला चपळ प्राणी. दुसरा, पळवून नेणे. बुवांच्या मनात दुसरा, ऐकणाऱ्याने धरला पहिला. शिवाय कथेत सोन्याचे हरणही आहेच! म्हणून घोटाळा खरा वाटतो. एका शब्दात दोन अर्थ बसले की त्याला श्लेष म्हणतात. त्यातून केलेली गंमत ती कोटी.

आणखी पाहा. "पालात पाल शिरली." ते पाल म्हणजे तंबू. ती पाल भिंतीवरची. 'ते' आणि 'ती' यांनी उलगडा होतो.

"वाघ आले!" आता काय करावे? आडनावाचे पाहुणे असतील तर चहा ठेवावा. रानातले असतील तर दार लावावे!

रात्रीच्या वर्गात मी हरणाचा विनोद सांगितला. सारे हसले. एक वयस्क गृहस्थ मात्र गप्प. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. मी घरी गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, मलाबी इतकी वर्षं तसंच वाटत व्हतं. सगळे जणू मलाच हसले."

माझी मान खाली गेली. मी म्हणालो, "दादा, चूक तुमची नाही. शब्दच दुतोंडी आहे." पाटीवर दोन ओळी लिहिल्या.

हरण गवत खाते.
रावणाने सीतेचे हरण केले.

त्यांनी बोट ठेवून वाचले. क्षणभर थांबले आणि खो खो हसले. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच विनोद त्यांनीच सांगितला.

दोन्ही अर्थ ठाऊक असतील त्यालाच कोटीचे हसू येते. न हसणाऱ्याला हसू नये. त्याला दुसरा अर्थ सांगावा. आणि वाचताना अडलात, तर शेजारचे शब्द पाहा. अर्थ तेच सांगतात.

अभ्यास
१. 'टांग्याचा घोडा' व 'बंदुकीचा घोडा' यांतील फरक सांगा.
२. 'पाल' शब्दाची दोन वाक्ये लिहा.
३. घरातल्या कोणाला हरणाचा विनोद सांगा. हसू आले नाही, तर समजावून द्या.