विश्वात अन्यत्र बुद्धिमान जीव आहेत काय?

(इयत्ता सहावी व सातवीच्या विज्ञानपाठासाठी टिपण)

सूर्यमालेचा पाठ चालू असता, “गुरुजी, दुसरीकडेही माणसे असतील का?” हा प्रश्न एखादा विद्यार्थी हटकून विचारतो. अशा वेळी “असतील” अथवा “नाहीत” असे एका शब्दात सांगून शिक्षकाने पुढे जाऊ नये. उडत्या तबकड्यांच्या गोष्टी मुलांच्या कानांवर पडलेल्या असतात. आणि शिक्षकाचा शब्द तर वर्गात प्रमाण मानला जातो. म्हणून जे ठाऊक आहे ते, जे केवळ अनुमान आहे ते आणि जे अद्याप ठाऊक नाही ते, ही तिन्ही वेगवेगळी करण्याची सवय मुलांस लावणे हा या पाठाचा हेतू होय.

प्रस्तावना

पन्हाळ्यावरून अथवा जोतिबाच्या डोंगरावरून रात्री खाली पाहिले असता काय दिसते, असे मुलांस विचारावे. गावोगावचे दिवे दिसतात, असे उत्तर येईल. दिवा दिसला म्हणजे त्याजवळ माणूस जागे आहे, हे निश्चित सांगता येईल काय? येणार नाही. तारे पाहून विचार करणाऱ्या मनुष्याची स्थिती बरीचशी अशीच आहे, हे येथे सूचित करावे.

विषयनिरूपण

१. संख्या. आपला सूर्य हा आकाशगंगेतील शंभर अब्जांहून अधिक ताऱ्यांपैकी एक सामान्य तारा आहे. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह प्रथम १९९५ साली मिशेल मेयर व डिडिए केलोझ या शास्त्रज्ञांनी शोधला. २०२५ पर्यंत असे सुमारे सहा हजार ग्रह निश्चित झाले आहेत. ग्रह विपुल आहेत, हे आता अनुमान राहिलेले नाही. परंतु घरे पुष्कळ आहेत एवढ्यावरून ती सर्व नांदती आहेत असे ठरत नाही. जीवसृष्टीचे उदाहरण आपल्याजवळ एकच आहे, आणि ते पृथ्वीचे. एकाच उदाहरणावरून नियम बांधता येत नाही, हे मुलांकडून वदवून घ्यावे.

२. सूक्ष्मजीवांचा शोध. या प्रश्नाचा पाठपुरावा करणारे थोर खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला, हे मुलांस अवश्य सांगावे. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचे ते संस्थापक संचालक होत. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुणे येथे निधन झाले. जीवसृष्टीची बीजे अंतराळातून पृथ्वीवर येत असावीत काय, हे तपासण्यासाठी त्यांच्या प्रेरणेने २००१ व २००५ साली हैदराबादहून मोठे फुगे सोडण्यात आले. सुमारे ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळ्यांत गोळा केले गेले. दुसऱ्या प्रयोगाच्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्याचे २००९ साली जाहीर झाले. मात्र ते जीवाणू पृथ्वीबाहेरूनच आले असे सिद्ध झाले, असा दावा त्या शास्त्रज्ञांनी केला नाही. पृथ्वीवरूनच ते वर गेले असण्याची शक्यता त्यांनी नाकारली नाही. इष्ट उत्तर समोर दिसत असतानाही पुरावा पुरेसा नाही म्हणून थांबणे, ही शास्त्रज्ञाची वृत्ती या उदाहरणातून स्पष्ट करावी.

३. संदेशाचा शोध. सूक्ष्मजीव असणे निराळे आणि बुद्धिमान जीव असणे निराळे. दूरच्या बुद्धिमान जीवांनी पाठविलेल्या रेडिओलहरी ऐकू येतात काय, हे पाहण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न १९६० साली अमेरिकेत फ्रँक ड्रेक यांनी दोन ताऱ्यांकडे दुर्बीण रोखून केला. त्यानंतर अशी श्रवणे पुष्कळ झाली; परंतु निःसंशय असा संदेश अद्याप मिळालेला नाही. रेडिओ दुर्बीण कशी असते हे सांगताना पुणे जिल्ह्यातील नारायणगावाजवळील खोडद येथील दुर्बिणीचा उल्लेख करावा. तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत. त्या मुख्यतः ताऱ्यांच्या व दीर्घिकांच्या नैसर्गिक लहरी टिपतात.

४. काळाची अडचण. संदेश मिळाला नाही, म्हणून कोणी नाहीच, असेही म्हणता येत नाही. हे समजाविण्यास गुऱ्हाळाचा दृष्टान्त सोयीचा आहे. एका शिवारातील गुऱ्हाळ दिवाळीनंतर पेटून पौषात विझले आणि पलीकडच्या शिवारातील फाल्गुनात पेटले, तर एकाच्या चुलाणाचा धूर दुसऱ्यास कधीच दिसणार नाही. पृथ्वीचे वय सुमारे साडेचार अब्ज वर्षे आहे. ते एका दिवसाएवढे मानले, तर मनुष्यास रेडिओलहरी वापरता येऊ लागल्याचा शंभर-सव्वाशे वर्षांचा काळ सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढा भरतो. हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा.

५. अंतराची अडचण. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. त्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची ध्वनिमुद्रिका आहे. तीत पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत आणि मराठी त्यांपैकी एक आहे. भारतीय संगीताचा नमुना म्हणून तीत केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाईंना ज्यांची दीर्घ तालीम लाभली, ते अल्लादिया खाँ हे शाहू छत्रपतींच्या आश्रयाखालील कोल्हापूर दरबारचे गवई होत. पहिल्या क्रमांकाचे यान ५ सप्टेंबरला निघाले. अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई निवर्तल्या. ते यान सेकंदास सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. तरीही सर्वांत जवळच्या ताऱ्याएवढे अंतर तोडण्यास त्याला सुमारे ७५,००० वर्षे लागतील. आणि ते त्या ताऱ्याच्या दिशेने जातही नाही. ही भैरवी कोणी ऐकेल की नाही, हे सांगता येत नाही.

फलकलेखन

फळ्याचे तीन भाग करावेत : ‘ठाऊक आहे’, ‘अनुमान आहे’, ‘ठाऊक नाही’. पाठातील प्रत्येक विधान कोठे लिहावे हे मुलांनी सांगावे आणि त्याचे कारणही द्यावे. उडत्या तबकडीची ऐकीव गोष्ट कोणी सांगितल्यास तिची टवाळी करू नये. ती कोणी पाहिली, केव्हा पाहिली, दुसऱ्या कोणी पडताळली काय, एवढेच विचारावे.

समारोप व गृहपाठ

“मग गुरुजी, तुम्हाला काय वाटते?” असे मुले शेवटी विचारतील. शिक्षकाने आपले मत सांगण्यास हरकत नाही. मात्र ते दुसऱ्या रकान्यात लिहावे. “ठाऊक नाही” असे म्हटल्याने शिक्षकाची प्रतिष्ठा कमी होत नाही. ते का ठाऊक नाही आणि कशाने ठाऊक होईल, हे त्याला सांगता आले म्हणजे पाठ पूर्ण झाला.

गृहपाठ म्हणून, अज्ञात जीवास आपल्या गावाविषयी सांगावयाच्या पाच गोष्टी मुलांस लिहावयास सांगाव्यात. ऐकणाऱ्यास आपली भाषा येत नाही, ही अट घालावी. वह्या तपासताना चित्र, संख्या अथवा स्वर यांचा उपयोग ज्यांनी सुचविला असेल, त्यांची उत्तरे वर्गात वाचून दाखवावीत.